डांबर किती, चिखल किती? : जीपला टायर घेण्यापूर्वी



बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण काय काय पाहतो! दात मोजतो, खूर उचलून बघतो, खांद्यावर हात फिरवतो, चार पावले चालवून घेतो. मग कुठे व्यवहाराचे बोलणे. पण घरच्या जीपला किंवा पिकअपला टायर घ्यायची वेळ आली की शेजाऱ्याने घातले तसले, नाहीतर दिसायला रांगडे दिसतील तसले टायर आपण घेऊन येतो. चार टायरांत एखादे जनावर येईल एवढा पैसा जातो. पैशाचे एक वेळ सोडा, त्या चार टायरांवर आपले सगळे घरदार बसलेले असते. म्हणून आज बियाणे, खते बाजूला ठेवून टायरांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी यंत्राचा माणूस नव्हे, मातीचा. परंतु टायरचे निम्मे काम मातीशीच असते. उरलेले निम्मे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

आईचा प्रश्न

आमचे चौक गाव कसे वसले आहे, ते खालापूर-कर्जतकडच्या वाचकांना सांगायला नको. समोरून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. एक रस्ता कर्जतला फुटतो. मागे इर्शाळगड, त्याच्या पायथ्याशी वाड्या, आणि मधे भाताची खाचरे. एकाच दिवसात आपली गाडी महामार्गाच्या डांबरावर धावते, खडी उखडलेल्या गावरस्त्यावर खडखडते आणि शेवटचा अर्धा मैल चिकण मातीच्या पाणंदीत रुतत रुतत जाते. पाऊस तर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एक जुनी चार चाकी ओढीची जीप घेतली. मिरगाच्या आधी तिला नवे टायर घालायचे ठरले. दुकानात चिखलाचे टायर टांगलेले होते. मोठमोठे ठोकळे, खोल खाचा, जणू ट्रॅक्टरचीच चाके! मला वाटले, आपल्या पाणंदीला हेच हवेत. घातले. शेजारीपाजारी बघायला आले आणि माझी छाती फुगली.

जूनचा पहिला पाऊस पडला. आईला डॉक्टरांकडे दाखवून पनवेलहून येत होतो. चौक फाट्याच्या अलीकडे पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला. मीही दाबला. चाके थांबली, गाडी थांबली नाही. साबणावरून घसरावी तशी तिरपी होत ती रस्त्याच्या कडेला चरात गेली. जीव वाचले, पण आईचा हात मोडला. त्या वर्षी लावणीला माझी आई प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून बांधावर बसून होती. तिने मला बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, “चिखलात तुझी गाडी कधी अडली नाही रे. पण आपण चिखलात असतो तरी किती?”

या प्रश्नाचे उत्तर मी टायर घेण्यापूर्वी काढायला हवे होते. तुम्ही तरी काढा, एवढ्यासाठी हा लेख.

चार चाकांची ओढ चालवते, थांबवत नाही

पुष्कळांचा समज असा की चार चाकी ओढीची गाडी म्हणजे कुठेही पक्की. हा समज अर्धाच खरा आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून चिखलातून गाडी निघते आणि चढ चढते. परंतु ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतातच. गाडी थांबते ती टायर रस्त्याला जेवढा धरून राहील त्या बळावर. तिथे चार चाकी ओढीचा काडीचा उपयोग नाही.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, धूळ आणि रबराचा कीस पाण्यात मिसळतो आणि डांबर निसरडे होते. पुढे मोठ्या सरी लागल्या की रस्त्यावर पाण्याचा थर साचतो. टायरच्या खाचांनी ते पाणी बाजूला सारले तरच रबर डांबराला टेकते. वेग जास्त आणि खाचा झिजलेल्या असतील तर टायर पाण्यावर तरंगतो. मग सुकाणू फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

टायरच्या तीन जाती

भाताला हळवे, निमगरवे आणि गरवे वाण असतात आणि जमीन पाहून आपण त्यांतले निवडतो. टायरचेही तसेच.

पहिली जात रस्त्याच्या टायरची. दुकानात यांना एच.टी. म्हणतात. बारीक, जवळजवळ असलेल्या खाचा, आणि रस्त्याला टेकणारे रबर भरपूर. ओल्या डांबरावर चांगली पकड, आवाज कमी, झीज कमी, डिझेलही कमी. पण चिकण मातीत शिरताच बारीक खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो.

दुसरी जात चिखलाच्या टायरची, म्हणजे एम.टी. मोठे ठोकळे आणि मधे रुंद खाचा. चाक फिरले की चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळा पुन्हा माती धरतो. बगलही बहुधा जाड असते. परंतु डांबरावर याचे रबर कमी टेकते, आणि ब्रेक दाबला की उंच ठोकळे वाकतात. ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागते. शिवाय घोंघावणारा आवाज, जलद झीज आणि डिझेलचा जादा खर्च.

तिसरी जात मिश्र टायरची, म्हणजे ए.टी. खाचा मध्यम आणि ठोकळे मध्यम. दोन्हीकडे पहिला नंबर येणार नाही, पण दोन्हीकडे पास. मात्र हिच्यातही पोटजाती आहेत. काही टायर चिखलाकडे झुकलेले असतात, काही डांबराकडे. जवळ ठेवून पाहा. खाचा जितक्या रुंद, तितका तो चिखलाकडचा.

वहीतला हिशोब

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. एक वही घ्या आणि महिनाभर गाडी कुठे किती फिरली ते लिहा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा सुनेकडे द्यावे, म्हणजे चुकणार नाही.

समजा, दुधासाठी रोज चोवीस किलोमीटर, सगळे डांबर. महिन्याचे झाले ७२०. आठवड्याला पनवेलची एक फेरी, जाऊन-येऊन चाळीस. त्याचे १६०. मुलांची शाळा, दवाखाना, लग्नकार्य मिळून १२० धरा. झाले एक हजार. आणि पाणंदीतला चिखल? रोज जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे महिन्याला ६०, आणि तोही पावसाळ्यातच. हजाराला साठ! ज्या घराचा हिशोब असा आहे त्याने चिखलाचे टायर घेणे म्हणजे वर्षातून एकदा पाहुणा येतो म्हणून बारा महिने ओटीवर झोपणे.

अशा घराने डांबराकडे झुकलेले मिश्र टायर घ्यावेत. पाणंद नसेल, फक्त खडीचा रस्ता असेल, तर रस्त्याचे टायरही पुरतात. चिखलाचे टायर कोणी घ्यावेत? ज्याची गाडी वाडी, नर्सरी, दगडखाण अशा ठिकाणीच राबते आणि महामार्गावर क्वचित जाते त्याने. त्यानेही पावसात डांबरावर आल्यावर वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवावे.

टायरच्या बगलेवर लिहिलेले वाचा

बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय आपण पिशवी घेत नाही. टायरचे लेबल त्याच्या बगलेवर असते. समजा तिथे २१५/७५ आर १५, १०० एस असे आहे. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढचा १०० हा वजनाचा आकडा आहे, किलो नव्हेत. १०० आकड्याचा टायर जास्तीत जास्त ८०० किलो पेलतो आणि १०५ चा ९२५ किलो. शेवटचे अक्षर वेगाच्या मर्यादेचे. मूळ टायरपेक्षा कमी वजनाच्या आकड्याचा टायर कधीही घेऊ नये. पिकअपमध्ये भाताची पोती आणि वर चार माणसे घेणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावे.

त्याच बगलेवर एका लांबट चौकटीत चार अंक असतात. २३२४ असतील तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबरही म्हातारे होते. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. आय.एस.आय. चिन्ह आहे की नाही तेही पाहा आणि पावती घ्या.

मोठा टायर घातला की गाडी उंच दिसते, म्हणून तरुण मुले हट्ट धरतात. परंतु मोठ्या टायरने वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही, इंजिन आणि ब्रेक यांच्यावर ताण येतो आणि वळताना टायर पत्र्याला घासतो. कंपनीने दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत जे माप दिले आहे तेच घ्यावे.

आणखी एक धोक्याची गोष्ट. जुन्या जीपचे ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरलाही असते. माप जुळते म्हणून कोणी तो टायर जीपला चढवू नये. ट्रॅक्टरचे टायर ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगासाठी केलेले असतात. जीपच्या वेगाने ते तापतात आणि दगा देतात.

चौघे भाऊ सारखे हवेत

दोन चाकी ओढीच्या गाडीला पुढे एक जोडी आणि मागे दुसरी असे काही दिवस चालते. चार चाकी ओढीच्या गाडीला ते चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपमध्ये चार चाकी ओढ लावली की पुढची आणि मागची चाके एकमेकांना जखडली जातात. पुढे नवे टायर आणि मागे पाच मिलिमीटर झिजलेले असतील, तर वर सांगितलेल्या मापाचा झिजलेला टायर दर किलोमीटरला सहाएक फेरे जास्त घेतो. जू एक आणि बैलांची चाल दोन, अशी गत होते. ताण पडतो तो गिअरांवर. म्हणून चारही टायर एका मापाचे, एका जातीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. जादा चाकही त्याच मापाचे ठेवावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यावेत. अशा गाडीत कोरड्या डांबरावर चार चाकी ओढ लावूच नये. तिथेही हाच ताण पडतो.

काम हवा करते

हवेचा टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता. १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे त्याने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलला हवेची नळी बसवली, आणि पुढे सगळे जग हवेवर चालू लागले. सांगायचे तात्पर्य, ओझे पेलते ती आतली हवा. रबर हे तिचे नुसते पोते आहे.

म्हणून दर आठवड्याला, सकाळी टायर थंड असताना, हवा मोजावी. पन्नास-शंभर किलोमीटर धावून आलेल्या तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते. ती पाहून कमी करू नये. हवा कमी असेल तर बगल सारखी दुमडते, तापते आणि महामार्गावर टायर फुटतो. हवा जास्त असेल तर मधलाच पट्टा टेकतो आणि पकड जाते. भर घातल्यावर किती हवा हवी, ते दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते.

चिखलात अडकलात तर मात्र हवा कमी करणे हा उपाय आहे. रस्त्यावर ३० पौंड ठेवत असाल आणि गाडी मोकळी असेल, तर २० पौंडांपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि माती जास्त धरतो. पण तीन अटी पाळा. गाडीत भार नसावा. वेग अगदी हळू ठेवावा. आणि डांबराला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. गाडीत पायपंप आणि हवेचा मापक नसेल तर हवा सोडूच नका. मिश्र टायरला योग्य हवा आणि हलका पाय यांची जोड मिळाली, की आपल्या पाणंदींत चिखलाच्या टायरची आठवण फारशी येत नाही.

वापसा नसेल तर चाक नको

हे मात्र माझ्या खात्याचे बोलणे. वापसा नसताना आपण नांगर घालत नाही. मग जीप का घालावी? ओल्या जमिनीवरून जड चाक गेले की माती दबते, तिच्यातली हवा आणि पाणी जिरण्याच्या वाटा बुजतात, आणि त्या पट्ट्यात पुढचे वाल, हरभरा खुरटे राहतात. टायर कितीही भारी असला तरी हे नुकसान टळत नाही. रोपांचे मूठ असो की खताची गोणी, शेवटचा टप्पा डोक्यावर किंवा बैलांवर न्यावा. आणि पाणंदीत दरवर्षी जिथे गाडी रुतते, ती जागा बहुधा वीस-पंचवीस हातांचीच असते. चार घरांनी मिळून उन्हाळ्यात तिथे बाजूला चर काढून दगड-मुरूम टाकला, तर प्रत्येक घराचा महागड्या टायरांचा खर्च वाचेल. पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना असतात. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

टायर केव्हा बदलावा

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. चार चाकी गाडीला कायद्याने एवढी खाच हवीच. परंतु कोकणच्या पावसाला एवढ्यावर थांबू नका. तीन मिलिमीटर राहिली की मिरगाआधी टायर बदला. मापायला यंत्र नको. खराट्याची काडी खाचेत उभी घाला, नखाने खूण करा आणि मुलाच्या पट्टीवर मोजा. आत, मध्ये आणि बाहेर, तिन्हीकडे पाहा. एकीकडेच झीज असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे.

बगलेला फुगवटा किंवा चीर दिसली तर टायर काढून टाका. आपल्याकडचा काळा दगड बगल कापतो, आणि बगलेचे पंक्चर काढून भागत नाही. जुन्या टायरला खाचा कोरून नवा म्हणून विकणारेही भेटतात. तसला टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकांना नको.

शेवटी

काही वाटा टायरच्या नसतातच. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीवाट नव्हती. मदतीला आलेल्या सगळ्या गाड्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि माणसे भर पावसात, चिखलातून, पायी डोंगर चढली. तो डोंगर कोणत्याही टायरने चढता आला नसता. मात्र पायथ्यापर्यंत वेळेवर आणि सुखरूप पोचणे, आणि पायथ्यापासून दवाखान्यापर्यंत नेणे, एवढे गाडीच्या हातात असते. अवघड वेळ अशीच येते, पावसात आणि रात्री. तेव्हा आपल्या गाडीखाली काय आहे, हे त्या रात्री नव्हे, त्याच्या आधी पाहायचे असते.

भगिनींना एक विनंती. कारभारी टायर घ्यायला निघाले की वही त्यांच्या हातात द्या आणि विचारा, “डांबर किती आणि चिखल किती?” आमच्या घरी आता हा प्रश्न आई विचारते. गेल्या खेपेस मी डांबराकडचे मिश्र टायर घेऊन आलो, तेव्हा तिने एकेका टायरवरून हात फिरवला. बैल घेताना आमचे वडील फिरवायचे तसा. मग मागच्या बाकावर जाऊन बसली.